जुनी गाडी स्वतः सांभाळायची, की नवी घ्यायची?

गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली आहे. रोज सुरू होते, रोज चालते, आणि आता एक मोठं काम निघालं आहे: क्लच, पुढच्या सस्पेन्शनचे बुश किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील). आजवर ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग हे सगळं तुम्ही स्वतःच बदलत आलात. या वेळी मात्र चारी बाजूंनी एकच सल्ला येतो, 'किती दिवस ओढणार? नवी घेऊन टाका.' हा आढावा त्या टप्प्यावर अडलेल्यांसाठी आहे. माझा कल जुनीकडे आहे, हे आधीच सांगतो. तरीही दोन बाबतींत नवी गाडी उघडउघड जिंकते, आणि त्या बाबी किरकोळ नाहीत. त्यांच्याकडे येईनच.

जुनीला धरून राहणारे नेमकं काय धरून असतात

अशा मालकांना लोक हळवे समजतात. जीव लागलेला असतो, हे खरंच. पण त्याखाली पक्का हिशेब असतो. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) किती किलोमीटरवर बदलला, कूलंट कुठलं भरलं, कोणत्या चाकाचं बेअरिंग नवं आहे, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये इंजिन किती ऑइल पितं, थंडीत सुरू करताना येणारा कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता नवा, हे सगळं मालकाला पाठ असतं. ही माहिती गाडीबरोबर विकता येत नाही. गाडी विकायला काढली की घेणारा साल, किलोमीटर आणि रंग बघतो. त्याच सालच्या, कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या गाडीला जो भाव मिळाला असता, त्याच्या थोडा वर भाव तो तुम्हाला देतो. गेल्या वर्षी तुम्ही बदललेले बॉल जॉइंट त्याच्या हिशेबात नसतात. त्याचंही चूक नाही, तुमच्या शब्दापलीकडे त्याच्या हातात काहीच नसतं.

म्हणजे सांभाळलेल्या गाडीला दोन किमती असतात, एक बाजाराची आणि एक तुमची. बाजाराची किंमत दर वर्षी खाली जाते. तुमची तितक्या वेगानं जात नाही, कारण प्रत्येक कामानंतर गाडीतली एक अनिश्चितता संपते. जुनी गाडी न विकणाऱ्याचं वागणं या फरकातून येतं.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तुम्ही दुसऱ्याची जुनी गाडी घ्यायला निघालात, तर ही माहिती तुमच्याकडे नसते. 'हे मॉडेल फार टिकाऊ' एवढ्या कीर्तीवर घेतलेली गाडी पहिल्या वर्षी आधीच्या मालकाची सगळी टाळाटाळ वसूल करते. त्यामुळे 'जुनी की नवी' हा प्रश्न गाडी आधीच हाताशी असलेल्यासाठी वेगळा, आणि ती घेऊ पाहणाऱ्यासाठी वेगळा. पुढचं सगळं वाचताना तुम्ही यातले कोण, हे लक्षात ठेवा.

पैसा: न दिसणारा खर्च आणि डोळ्यांत खुपणारा खर्च

नव्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च बहुधा घसारा असतो, आणि त्याचं बिल कधीच येत नाही. पहिल्या काही वर्षांत किंमत सर्वांत वेगानं उतरते, पण ते विकायच्या दिवशीच कळतं. जुन्या गाडीचा घसारा जवळपास संपलेला असतो. तिचा खर्च दुरुस्तीचा, आणि तो एकदम अंगावर येतो. सहा महिने काहीच नाही, मग एकाच महिन्यात रेडिएटर आणि अल्टरनेटर. मनाला ही उडी जास्त टोचते, म्हणून जुनी गाडी आहे त्याहून महाग वाटते.

इथे एक चुकीची तुलना सर्रास केली जाते: 'गाडीच्या किमतीपेक्षा काम महाग आहे.' बाजारभावाशी दुरुस्तीची तुलना करून काहीच कळत नाही, कारण गाडी तुम्ही विकणार नसता, वापरणार असता. काम केल्यावर गाडी आणखी किती महिने बिनघोर चालेल याचा अंदाज बांधा, खर्चाला त्या महिन्यांनी भागा, आणि आलेला आकडा नव्या गाडीच्या कर्जाचं व्याज, विमा आणि घसारा यांच्या महिन्याच्या बेरजेशेजारी ठेवा. क्लचसारखं काम या हिशेबात बहुतेक वेळा सहज तरतं. इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधायचं काम तरेलच असं नाही.

स्वतः काम करणाऱ्याला इथे मोठा फायदा मिळतो, कारण जुन्या गाडीच्या अनेक कामांत पार्ट स्वस्त आणि मजुरी महाग असते. क्लच प्लेटपेक्षा गिअरबॉक्स खाली उतरवायची मेहनत जास्त. म्हणूनच जाणते मालक कामं एकत्र करतात. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या मागे किंवा त्यावरच फिरतो, तेव्हा बेल्ट उघडलाच आहे तर पंप, टेन्शनर आणि पुढचं ऑइल सील त्याच वेळी बदलतात. गिअरबॉक्स उतरला की क्लचबरोबर रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील. पण एक अट आहे. हे काम तुम्हाला आवडलं पाहिजे. सुट्टीचा दिवस गाडीखाली गेल्याचं ज्याला दुःख होतं, त्यानं स्वतःची मजुरी शून्य धरू नये. त्याच्यासाठी जुनी गाडी खरोखरच महाग आहे.

हाताला काय लागतं आणि काय लागत नाही

१९७५ ते १९८६ दरम्यान बनलेल्या मर्सिडीज डब्ल्यू १२३ चं बॉनेट उघडा. डिझेल मॉडेलमधला इंजेक्शन पंप पूर्णपणे यांत्रिक आहे. इंजिन एकदा सुरू झालं की चालत राहायला त्याला विजेची गरज लागत नाही. व्हॉल्व्हचं अंतर साधारण २४,००० किलोमीटरला फीलर गेजनं (मोजक्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायचं आणि पान्यानं जुळवायचं. व्होल्वो २४० मध्ये इंजिन लांबीच्या दिशेनं बसवलेलं, चालना मागच्या चाकांना, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी मोकळी जागा. शिवाय त्यातल्या बहुतेक आठ-व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिनांत टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गाडी रस्त्यात थांबते, नवा बेल्ट चढवला की पुन्हा चालते. ज्या इंजिनांत ही सवलत नाही, त्यांत हाच बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड खोलावं लागतं. दोन गाड्या कागदावर सारख्याच टिकाऊ असल्या, तरी स्वतः काम करणाऱ्यासाठी त्यांच्यात केवढा फरक असतो, तो इथे दिसतो.

नव्या गाडीत घरी काम करता येत नाही, हे म्हणणं मात्र खरं नाही. ऑइल, फिल्टर, प्लग, पुढचे ब्रेक पॅड आजही हातानं होतात. अडचण दुसरीकडे येते. पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक असेल तर मागचे पॅड बदलण्याआधी कॅलिपरची मोटर सर्व्हिस मोडमध्ये मागे न्यावी लागते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर ती कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते. पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. अनेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. ऑइलचं तापमान ठराविक आकड्यावर आणून, खालचा प्लग उघडून पातळी बघायची. यातलं काहीच अशक्य नाही. पण पाना आणि टॉर्क रेंचबरोबर आता स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरला त्या कंपनीच्या सिस्टिममध्ये शिरायची परवानगी लागते. ती परवानगी तुमच्या हातात नसते, ही मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. ज्या वस्तूचे पूर्ण पैसे भरले, ती उघडायला दुसऱ्याची मर्जी का लागावी?

नव्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. ती गाडी मुळात लक्षच कमी मागते. इरिडियम प्लग अनेक इंजिनांत एक लाख किलोमीटरच्या आसपास टिकतात. इग्निशनचे पॉइंट घासायचे नाहीत, कार्बोरेटर साफ करायचा नाही, व्हॉल्व्हचं अंतर आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट असतील तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. आणि बिघाड झाला तर गाडी स्वतः काहीतरी सांगते. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचं, म्हणजे बिघाड स्वतः नोंदवणाऱ्या यंत्रणेचं, ठराविक सॉकेट सक्तीचं झालं, त्यामुळे छोट्या स्कॅनरवर फॉल्ट कोड वाचता येतो. कार्बोरेटरच्या गाडीत हेच निदान कानानं आणि नाकानं करावं लागायचं. फक्त कोड म्हणजे निदान समजू नका. 'मिक्स्चर लीन' (हवेच्या मानानं इंधन कमी) असा कोड आला की अनेक जण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि दोष बहुतेकदा एखाद्या चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपात निघतो. सेन्सरनं फक्त खरं ते सांगितलेलं असतं.

टिकाऊपणाच्या कीर्तीबद्दल

अमेरिकेतले शिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ ची व्होल्वो पी १८०० नवी घेतली आणि २०१३ मध्ये तिचे ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाखांहून जास्त किलोमीटर पूर्ण केले. ग्रीसमधले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी १९७६ ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटरपर्यंत नेली, आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहात गेली. ही उदाहरणं सांगताना एक गोष्ट गाळली जाते. या गाड्यांची इंजिनं बांधली गेली, बदलली गेली. त्या कधीच बिघडल्या नाहीत असं नाही. प्रत्येक बिघाडानंतर त्या पुन्हा उभ्या करता आल्या. टिकाऊ गाडीची माझी व्याख्या हीच आहे: जिचा प्रत्येक भाग सुटा होतो, मिळतो आणि बदलता येतो.

'जुन्या गाड्या सगळ्याच मजबूत होत्या' हे मी मानत नाही. कमकुवत होत्या त्या केव्हाच भंगारात गेल्या, म्हणून आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्या निवडक आहेत. आणि नावाजलेल्यांचीही दुखणी ठरलेली असतात. ऐंशीच्या दशकातल्या पूर्वार्धातल्या व्होल्वो २४० मध्ये इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण भुगा होऊन पडतं. नव्वदच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीज डब्ल्यू १२४ मध्येही वायरिंगचं तेच दुखणं. डब्ल्यू १२३ ला गंज आणि व्हॅक्यूमच्या गळत्या सतावतात. टोयोटाच्या २२आर इंजिनात टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड झिजून तुटतात, आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर सैल चेन समोरचं कव्हर खाते. जुन्या मॉडेलचा खरा फायदा असा की त्याची दुखणी आता सगळ्यांना माहीत आहेत. बाजारात कालच आलेल्या इंजिनाचं दहाव्या वर्षी काय होईल, हे अजून कुणालाच माहीत नाही.

सुरक्षितता: इथे नवी जिंकते

या मुद्द्यावर मी जुनीची बाजू घेणार नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेनं १९५९ ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ ची शेव्हर्ले मालिबू समोरासमोर धडकवल्या, ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं. लांबलचक, जाड पत्र्याच्या बेल एअरची केबिन चालकाच्या डमीवर कोसळली. मालिबूची केबिन शाबूत राहिली. 'जुना पत्रा जाड, म्हणून सुरक्षित' हा समज त्या चाचणीनंतर उरायला नको होता. ऐंशी किंवा नव्वदच्या दशकातली गाडी १९५९ च्या गाडीइतकी वाईट नसते, तरीही युरो एनकॅपच्या (युरोपातल्या नव्या गाड्यांच्या) धडक-चाचण्या १९९७ मध्ये सुरू झाल्यावर केबिनची रचना ज्या वेगानं सुधारली, ती सुधारणा तिच्यात नाही.

धडकेच्याही आधीची गोष्ट म्हणजे ईएससी. गाडी घसरायला लागली की एकेक चाकाचा ब्रेक लावून तिला वाटेवर आणणारी ही यंत्रणा. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ अखेरपासून सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. कितीही सांभाळलं तरी ती जुन्या गाडीत बसवता येत नाही. घरात लहान मुलं असतील, रोजचा प्रवास हायवेवरचा किंवा रात्रीचा असेल, आणि तुमच्या गाडीत एअरबॅग आणि एबीएससुद्धा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: त्या कामासाठी गाडी बदला. जुनी ठेवायची तर जवळच्या फेऱ्यांसाठी ठेवा.

जी ठेवाल तिच्यात सांभाळून जेवढी सुरक्षितता मिळते, तेवढी तरी पुरेपूर घ्या. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ या दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनांक कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक पेडल अचानक मऊ पडतं ते यामुळे. दर दोन वर्षांनी ते बदला. टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं. साधारण १९९८ ते २०१० मधल्या अनेक गाड्यांत ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा प्रश्न आहे. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेला त्यांचा इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) फुटून धातूचे तुकडे उडू शकतात, म्हणून चेसिस नंबरवरून रिकॉल बाकी आहे का ते नक्की तपासा. आणि स्वतः काम करण्याला सीमा आहेत. एअरबॅग, सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग आणि चेसिसचं वेल्डिंग जाणत्याकडेच द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, जॅक स्टँड लावल्याशिवाय नाहीच.

धूर आणि इंधन

दुसरी बाब ही, आणि तीही नव्याच्या पारड्यात जाते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नसलेली कार्बोरेटरची गाडी कितीही ट्यून केली तरी आजच्या गाडीपेक्षा खूप जास्त विषारी धूर सोडते. नवी गाडी बनवतानाही मोठं प्रदूषण होतं, हा युक्तिवाद खरा आहे, पण तो वर्षाकाठी थोडं चालवणाऱ्याला लागू पडतो. रोज लांबचा प्रवास करणाऱ्यानं त्याच्याआड लपू नये. शिवाय पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळत असतील तर जुने रबरी इंधन पाइप आतून कुजतात. इथेनॉल सोसणारे पाइप घालणं हे जुन्या गाडीचं पहिल्या आठवड्यातलं काम समजा.

पार्ट

इथे सगळं संख्येवर ठरतं. फोक्सवॅगन बीटल २००३ मध्ये बंद होईपर्यंत दोन कोटी दहा लाखांहून जास्त बनली, व्होल्वो २४० अठ्ठावीस लाखांच्या आसपास, डब्ल्यू १२३ जवळपास सत्तावीस लाख. एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्यावर पार्ट बनवणाऱ्यांना पुढची कित्येक वर्षं धंदा पुरतो. टोयोटाची लँड क्रूझर ७० मालिका तर १९८४ पासून आजही बनते आहे. पण इंजिनाचे पार्ट मिळतात म्हणून खुश होऊ नका. गाडी अडवतात ते वेगळेच भाग: दरवाजाची रबरं, हेडलाइट, डॅशबोर्डचे तुकडे, आणि त्या एकाच मॉडेलला बसणारा इंजिन कंट्रोल युनिट. मॉडेल लोकप्रिय असलं तरी त्याचं दुर्मिळ व्हेरिअंट घेतलंत तर हा फायदा हातचा जातो. साधं, सर्वाधिक खपलेलं इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स, हीच निवड बरी.

माझी निवड: मधली गाडी

जुनी आणि नवी यांच्यामध्ये एक टप्पा आहे, आणि गाडी अजून घ्यायचीच असेल तर मी तोच सुचवीन: साधारण १९९८ ते २०१० मधली. फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे कार्बोरेटरची कटकट नाही, ओबीडी आहे, एअरबॅग आणि एबीएस आहेत, उत्तरार्धातल्या अनेकांत ईएससीही सापडते. त्याच वेळी हँडब्रेक केबलचा, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी यंत्रणा बहुतेकांत नाही, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनचा थर साचायचा प्रश्न नाही, आणि काचेमागे कॅमेरा नाही. शिकण्यासाठीही ही गाडी योग्य. बिघाड वाचता येतो आणि बिघडलेला भाग हातानं काढता येतो, या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत मिळतात, असा काळ फार मोठा नव्हता.

मोठ्या कामाला हात घालण्याआधी

क्लच किंवा हेडचं काम मनात असेल तर पार्ट मागवण्याआधी गाडी वर घ्या आणि खालून पत्रा बघा. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळं बदलता येतं. गंजलेला सांगाडा बदलता येत नाही. जॅक लावायच्या जागा, दाराखालचे सिल, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं त्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी स्क्रूड्रायव्हरनं टोचून पाहा, आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर गंज आहे का ते नुसतं डोळ्यांनी नीट बघा. रंगाखाली फुगलेला पत्रा ठोकल्यावर भरीव वाजत नाही. वरवरचा तांबूस गंज घासून, प्रायमर मारून थांबवता येतो. पण सस्पेन्शनच्या जागी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, तर गिअरबॉक्स उतरवू नका.

पत्रा भरीव निघाला तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आणि कंपनीनं दिलेल्या मर्यादेत असतील तर इंजिन आतून बहुधा ठीक आहे. एकच सिलिंडर खाली असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. रिंगचा निघाला तर क्लचचे पैसे घालण्याआधी इंजिन बांधायचा खर्च विचारा, आणि दोन्हींची बेरीज वर सांगितलेल्या महिन्यांनी भागून पाहा. नुसता गॅस्केट किंवा व्हॉल्व्हचा दोष असेल आणि हेड उतरवायची तुमची तयारी असेल, तर काम काढायला हरकत नाही.